औषधाचं पान

शकिला, परवा तुझ्या शाळेतल्या शोकसभेत मी उभी राहून तुला ‘मृदुभाषी’ म्हटलं.

हस बाई, हस पोटभर. तुझ्या भावालाही तिथंच हसू फुटलं. रफिकभाईंनी पटकन रुमाल तोंडावर धरला आणि लोकांना वाटलं, हुंदका आला. मृदुभाषी म्हणे! चांदूर बाजारच्या त्या शाळेत तू विज्ञान शिकवायला लागलीस की रस्त्यापलीकडच्या पानठेलेवाल्यालाही प्रकाशाचं परावर्तन पाठ व्हायचं, आणि ती तू मृदुभाषी. पुढं मी ‘ज्ञानदानाचं असिधाराव्रत’ असंही काहीतरी बोलले. बोलताना कळत होतं की हे कुणा भलत्याच बाईचं वर्णन चाललंय, पण थांबता येईना. मागं सतरंजीवर तुझ्या वर्गातल्या पोरी बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं दुसरीला विचारलं, “कोनाबद्दल बोलून राह्यल्या वं ह्या?” माझ्या कानावर आलं ते. मी पाणी प्यायले आणि पुढं बोलत राहिले.

मग मुख्याध्यापक उठले. म्हणाले, मुलांच्या बोलीतले शब्द कॉम्प्युटरवरच्या शोधयंत्रात घ्यायची कल्पना मूळ या ताईंची, शकिला मॅडमनी त्यांना मोलाची साथ दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. ‘नाही हो सर, उलटं आहे, मीच तर आडवी आले होते’ एवढंच म्हणायचं होतं. नंतर चहा आला तो प्यायले, बिस्किटंही खाल्ली. लाज नावाची गोष्ट आहे की नाही, असं तू विचारलं असतंस.

म्हणून आज हे लिहायला बसले. तिथं जे बोलायला हवं होतं ते आता बोलते. तू ऐकत नसशील तर नसो. तशीही तू माझं कधी ऐकलं नाहीस.

सुरुवात तुझीच होती. तुझ्या वर्गातल्या कुणी परतवाड्याच्या सायबर कॅफेत जाऊन ‘पृथ्वीचे पोट’ असं शोधलं आणि त्याला पोट कमी करायच्या पट्ट्यांच्या जाहिराती दिसल्या. शनिवारी तू माझ्या अमरावतीच्या घरी आलीस, पंखा पूर्ण सोडलास, पलंगावर मांडी ठोकलीस आणि ती गोष्ट सांगून इतकी हसलीस की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. मग एकदम म्हणालीस, “आपनच काई करू ना वं. पोट्ट्यानं एक शब्द टाकला का कामाचं तेवढंच निघालं पाह्यजे. शिजवाच्या आंधी दाय निवडतो का नाई आपन? तसं.”

मग आपण डाळ निवडायला बसलो. इंजिनिअरिंग कॉलेजचे गावंडे सर प्रोग्राम लिहायचे. आपण मास्तर मंडळी एकेक पान वाचायचो, खरंखोटं तपासायचो, आणि पटलं तरच आत घ्यायचो. प्रत्येक पानापुढं तीन रकाने होते, इयत्ता, विषय आणि धडा. ते भरल्याशिवाय पान आत जायचं नाही. हा नियम माझा. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून आपण ते काम केलं, लाइन आली की हातातली पोळी टाकून कॉम्प्युटरकडं धावायचं. शब्द जोडायचं काम माझ्याकडं होतं, कारण मी मराठीची. पोरानं कोणता शब्द टाकला की कोणतं पान यावं, ते मी ठरवायचं. नावही मीच ठेवलं, ‘पाठशोध’. तुझ्या पोरांनी चार दिवसांत त्याचं ‘धुंड्या’ करून टाकलं. “धुंड्यावर पाय ना बे!” पाय म्हणजे पाहा. मला राग यायचा आणि तुला गुदगुल्या व्हायच्या.

दर शनिवारी तू काळीपिवळी जीपमध्ये कोंबून यायचीस. वर्गात पोरांच्या तोंडून ऐकलेले शब्द तळहातावर बॉलपेननं लिहून आणायचीस, मनगटापर्यंत निळी. मी गिले वडे आणून ठेवलेले असायचे. “थांब, थांब, आंगठ्याखालचा शब्द वाच पयले, नाई त तेलात जाईन,” असं म्हणत हात माझ्या नाकासमोर धरायचीस. अयी, डोया, इचू, पऱ्हाटी. पुस्तकात अळी, डोळा, विंचू, कपाशी. हे सगळे शब्द आत घे, पोरगं त्याच्या शब्दानं विचारीन, पान पुस्तकातलं दाखव, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं, हे शब्द नाहीत, हे उच्चारदोष आहेत.

‘पान लागलं’वरून तर आपण किती भांडलो! खेड्यात सापाचं नाव तोंडानं घेत नाहीत, साप चावला की पान लागलं म्हणतात. तुझ्या एका पोरानं ते टाकलं आणि धुंड्यानं त्याला झाडाचं पान काढून दिलं, देठ, शिरा, पर्णपाते, सगळं आकृतीसह. मी म्हटलं, बरोबरच आहे की, शब्द पान असेल तर पानच येणार. तू भडकलीस. “ज्याले साप चावला त्यानं देठ पाहत बसाव का?”

“अगं पण परीक्षेत ‘अयी’ लिहिलं तर मार्क कोण देणार?”

“परीक्षेत लिहीन तवा काढ तुहा लाल पेन. इथं ते लेकरू विचारून राह्यलं. विचारनाऱ्याची चूक काढत नसतात, बाप्पा.”

यावर मी ‘पुढचा शब्द वाच’ म्हटलं. पण माझी बाजू मी तुला कधी नीट सांगितलीच नाही, ती सांगते. एम.ए.ला मी पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून म्हटलं होतं, “सर, मले हे समजलं नाई.” सरांना काय वाटलं देव जाणे, पण मागचे दोन बाक फिदीफिदी हसले, आणि वर्षभर मला ‘मले’ अशीच हाक मारत राहिले. मी जिद्दीला पेटले. मले, तुले, काहून, सगळं घासून घासून काढलं. इतकं की पुढं गावी गेले तर लोक माझ्याशी पाहुण्यासारखं जपून बोलायचे. आपल्या पोरांना तसं कुणी हसू नये म्हणून मी अडत होते. हे खरं आहे. पण पुरतं खरं नाही, आणि ते तुला कळत होतं.

शेवटी मी हार मानल्यासारखं केलं. तुझे शब्द आत घेतले, पण वेगळे ठेवून. गावंडे सरांना सांगून त्याला एक बटण करून घेतलं. बटण बंद केलं की बोलीचे सगळे शब्द झाकले जायचे. ते बटण माझ्या हातात होतं.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत वऱ्हाडात पाहुण्यांची रीघ लागली होती, तुला सांगायला नको. कुणी कॅमेरा घेऊन यायचं, कुणी फॉर्म घेऊन यायचं. वर्गात शिरून आधी विचारायचे, “यातली त्या घरांमधली मुलं कोणती?” तू एकाला दारातूनच परत पाठवलंस. “हे शाळा आहे भाऊ. इथं हजरी घेतो, बाप जिता आहे का नाई ते इचारत नाई.” तो माणूस निघून गेल्यावर तू स्टाफरूममध्ये येऊन रडलीस, असं मला तुझ्याच मुख्याध्यापकांनी परवा सांगितलं. मला कधी बोलली नाहीस.

आणि मग पुण्याची मंडळी आपला पाठशोध पाहायला अमरावतीला आली. त्यांना पटलं असतं तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत तो जाणार होता. तू तुझ्या पोरींना घेऊन आलीस, इस्त्रीची ओढणी, हातात पर्स, जणू लग्नाला. पाहुण्यांतल्या एक बाई तुझं नाव ऐकून कौतुकानं म्हणाल्या, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” तू म्हणालीस, “तुमचंबी बरं आहे.” माझ्या पायाखालची फरशी सरकली. आज ते आठवून मी एकटीच हसते. तेव्हा मात्र तू गप्प बसावंस म्हणून मी देवाला आळवत होते.

त्या दिवशी सकाळीच मी ते बटण बंद करून ठेवलं होतं.

तुझी पोर खुर्चीवर बसली, एकेक अक्षर शोधून तिनं टाकलं, ‘पऱ्हाटीवरची अयी’. काहीही सापडले नाही. तिनं पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. पाहुणे मागं उभे. ती वळून म्हणाली, “मॅडम, माहं चुकलं.” आणि तू माझ्याकडं पाहिलंस. एकदाच. तुला कळलं होतं. सगळ्यांसमोर मला उघडं पाडायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तुझी जीभ काही कुणाला भीक घालणारी नव्हती. पण तू तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, “तुहं नाई चुकलं बेटा. लाइन गेली असंन.” वर पंखा गरगर फिरत होता. तू मला वाचवलंस आणि त्या पोरीलाही, एकाच वाक्यात. त्याचे आभार मी मानले नाहीत. आज मानते.

संध्याकाळी बसस्टँडवर तू एवढंच विचारलंस, “तुले आमची लाज वाटली, का तुही सोताचीच?”

मी म्हटलं, “उगाच नाटकं करू नकोस, पसंत पडलंय ना त्यांना? पोरांचंच भलं होईल.” तू बसमध्ये चढलीस. मला वाटलं, आता शनिवार संपले. पण पुढच्या शनिवारी तू हजर, तळहात निळा करून. तो विषय तू पुन्हा काढला नाहीस, आणि मीही माफी मागितली नाही. बटण मी त्याच दिवशी पुन्हा सुरू केलं होतं, तेही तुला सांगितलं नाही. मोठेपणा गेला असता ना माझा.

आता औषधाचं सांगते.

पाऊस ओसरला होता, पऱ्हाटी खांद्याला लागत होती, फवारणीचे दिवस. तुझ्या सातवीतल्या एका पोरीची आई पाठीवर पंप घेऊन वावरात फिरत होती. पंप गळका, पाठ भिजत राहिली. फवारायच्या विषाला आपल्याकडं औषधच म्हणतात, आणि ते अंगात भिनून माणूस चक्कर येऊन पडला की म्हणतात, औषध लागलं. बाईला अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. पोर मागं राहिली ती सकाळी शाळेत आली, कुणाला काही न बोलता कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिनं टाकलं, ‘मायले औषध लागलं’.

‘मायले’ धुंड्याला कळलं, ते तू शिकवलं होतंस. ‘औषध’ शब्द मी जोडला होता. औषधी वनस्पतींना. तुळस, अडुळसा, गवती चहा, छान रंगीत चित्रांसह.

पोरीनं सगळं वाचलं. तुझ्या शाळेच्या कुंपणाला अडुळसा होताच. तिनं दप्तर रिकामं करून पाला भरला आणि काकाच्या मागं लागून जीपनं अमरावती गाठली. बाई वाचली ती डॉक्टरांमुळं. तू भेटायला गेलीस तेव्हा उशीखाली सुकलेला पाला होता. तू विचारलंस, हे काय वं? ती म्हणाली, “कॉम्प्युटरवर होतं, मॅडम. तुमीच म्हनल्या होत्या, याच्यात खोटं काईच नाई.”

हे तू मला फोनवर सांगितलंस. मी वाट पाहत होते की आता तू ओरडशील. तू ओरडली नाहीस. “भरोसा ठेवला वं पोरीनं आपल्यावर,” एवढंच म्हणालीस. मग म्हणालीस, तिथल्या डॉक्टरला मी इचारून घेतलं, औषध लागलं त काय कराव. तू चार ओयी लिहून दे. “तुह्या मराठीत नको. मराठीत लिही.”

आणि मी काय विचारावं? मी विचारलं, “ते ठीक आहे, पण इयत्ता कोणती टाकू? धडा कोणता? हे अभ्यासक्रमात कुठं बसतंय?”

तू म्हणालीस, “टाक कोनतीबी. सगळ्याच इयत्तेतल्या पोट्ट्यायच्या माया फवारतात.”

मी म्हटलं, सहामाहीचे पेपर तपासून होऊ देत, मग बघते. तू म्हणालीस, “बरं.”

शकिला, तू इतक्या वर्षांत मला कधी ‘बरं’ म्हणाली नव्हतीस. ‘बरं’ म्हणजे तू दमली होतीस. माझ्याशी भांडून दमलीस की तुला घेऊन गेलं ते छातीतलं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, हे मला कळायला आता मार्ग नाही. पेपर तपासून व्हायच्या आधी रफिकभाईंचा फोन आला.

तुझ्या घरी आले तेव्हा तुझ्या अम्मीनं मला जवळ बसवून घेतलं, म्हणाल्या, “तेरा नाम बहुत लेती थी, बेटा.” तुला नेऊन झालं होतं. मी तुझा हात पाहायला मागणार होते. खुळेपणा, दुसरं काय. शेवटी तळहातावर कोणता शब्द होता, एवढंच मला पाहायचं होतं.

आज सकाळी मुख्याध्यापकांना फोन केला. सगळं सांगितलं, कल्पना तुझी, अडवणूक माझी, बटणाचंही सांगितलं. ते ऐकून म्हणाले, “मॅडम, हा तुमचा विनय आहे.” घे! आता बोल. लाज काढायला गेले तर लोक तिच्यावर शाल पांघरतात. तुझ्या पोरींना मी येत्या सोमवारी वर्गात येऊन सांगणार आहे. त्या शाल पांघरणार नाहीत, याची मला खात्री आहे.

सभेवरून आले त्याच संध्याकाळी ते चार ओळींचं काम घेऊन बसले होते. लिहिलं, ‘विषबाधा झालेल्या व्यक्तीस तात्काळ नजीकच्या रुग्णालयात दाखल करावे.’ खोडलं. ‘कीटकनाशकाचा संपर्क झाल्यास’ असं सुरू केलं, तेही खोडलं. आयुष्यभर निबंध तपासणारी बाई मी, मला सातवीतल्या पोरीला कळेल असं एक वाक्य येईना. मग मी आईला फोन लावला. ती अकोल्याकडं गावात एकटी राहते, अजून वावराची देखरेख सोडत नाही. तिच्याशीही मी पुण्याचंच बोलते, कित्येक वर्षं.

म्हटलं, “आई, फवारताना एखाद्याच्या अंगावर औषध सांडलं, तर—”

मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “कोनाले लागलं? कोनाले औषध लागलं वं? बोल ना!” तिचा आवाज चिरकला.

“कोनाले नाई वं माय,” मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं आलं, मलाच कळलं नाही. “शाळेतल्या पोट्ट्यायले सांगाचं आहे. तू जशी सांगशीन तसंच लिहाचं आहे.”

मग ती सांगू लागली, आणि मी लिहू लागले. वावरातून बाहेर आना. भिजलेले कपडे काढा. साबन लावून आंग धुवा. ताक पाजा, असंही म्हणाली. ते मी घेतलं नाही, कारण डॉक्टरनं तुला बजावलं होतं, मनानं काही पाजू नका. औषधाचा डबा संग घ्या आन् दवाखान्यात न्या, वाट पाहू नका. तिन्ही रकान्यांत ‘सगळे’ टाकलं आणि पान आत गेलं. ‘मायले औषध लागलं’ टाकून पाहिलं. तेच पान आलं, सगळ्यात वर.

फोन ठेवता ठेवता माय म्हणाली, “तुले आठवते का वं? तुह्या बापाले लागलं होतं तवा तूच त पयत आली होती गावात. फ्रॉक चिखलानं भरलेला. ‘माह्या बाबाले औषध लागलं, माह्या बाबाले औषध लागलं,’ असी वरडत. लोकायनं हातातलं काम टाकलं अन् धावले सारे. म्हून वाचला तो मानूस.”

शकिला, मला आठवत होतं. शब्द जोडायला बसले तेव्हाही आठवत होतं. मी ‘औषध’च्या पुढं तुळस लिहिलं.